ट्रेलर जोडल्यावर पिकअपचं ॲव्हरेज पडलं तर

मे महिना लागला की माझा फोन वाजायला लागतो. डेन्व्हरच्या आसपासच्या आपल्या मंडळींपैकी कुणीतरी हिवाळाभर झाकून ठेवलेला ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) बाहेर काढलेला असतो, पहिली फेरी झालेली असते आणि तक्रार ठरलेली: "अहो, गेल्या वर्षी गॅलनला दहा मैल देत होती, यंदा आठवर आलीय. इंजिन गेलं का?"

माझा स्वतःचा ट्रेलर धरून हे दुखणं मी इतक्यांदा निस्तरलंय की पहिले चार प्रश्न फोनवरच विचारून टाकतो. इंजिनात खरंच काही निघालं असं आजवर दोनदाच झालं. मी धंद्याने मेकॅनिक नाही, हौशी आहे. आणि खालचं सगळं पेट्रोलवरच्या हाफ-टन (मोठ्यांतल्या हलक्या वर्गातल्या) पिकअपबद्दल आणि वीस ते तीस फुटी, दोन ॲक्सलच्या ट्रेलरबद्दल आहे. डिझेलवाल्यांनी पिकअपच्या इंजिनाचा आणि पेट्रोलचा भाग सोडून वाचावं.

लक्षणं

"ॲव्हरेज पडलं" या एका वाक्यात चार वेगवेगळ्या तक्रारी असतात. तुमची कुठली ते आधी ठरवा.

पहिली: ट्रेलर नवा, आणि पहिल्या दिवसापासून कमी. एरवी हायवेला गॅलनला वीस मैल देणारी पिकअप ट्रेलर लावल्यावर आठ ते अकराच्या मध्ये येते. हा दोष नाही, हीच रीत आहे. दहा म्हणजे लिटरला सव्वाचार किलोमीटर. मी हा आकडा गावी फोनवर सांगितला तेव्हा वडील म्हणाले, "ट्रक घेतलास का?"

दुसरी: एकाच सहलीत जाताना दहा, येताना साडेसात. इथे वारा, चढ नाहीतर पंपावरचं पेट्रोल बघायचं. गाडीला हात लावायचं कारण नाही.

तिसरी: रस्ता तोच, वेग तोच, सामानही तेवढंच, तरी दर फेरीला थोडं थोडं कमी. हवा, ब्रेक, बेअरिंग. बहुतेक खरे बिघाड इथेच सापडतात.

चौथी: ॲव्हरेज कमी, आणि सोबत आणखी काहीतरी. गाडी एका बाजूला ओढते, सपाटीवर न्यूट्रलला टाकली तरी पुढे न जाता लगेच मरते, गियर सारखे वरखाली होतात, रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात, थांबल्यावर जळका वास येतो. यातलं काही असेल तर पेट्रोलचा हिशोब बाजूला ठेवा आणि थेट चाकांच्या भागाकडे जा.

आधी मोजा

डॅशबोर्डवरचा आकडा सोडून द्या. माझ्या पिकअपचा कॉम्प्युटर कायम थोडं चढवून सांगतो. मागच्या सहलीत त्याने १०.१ दाखवलं. मी १८७ मैलांना १९.८ गॅलन भरले होते, म्हणजे खरे साडेनऊसुद्धा नाहीत. टाकी फुल्ल करायची, नोझल पहिल्यांदा खटकन बंद झालं की थांबायचं, मैल शून्यावर आणायचे, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्या खटक्यालाच थांबायचं. वरून टिपूर भरायच्या भानगडीत पडू नका.

ऐंशी मैलांच्या फेरीवर निष्कर्ष काढू नका, असं मी हात जोडून सांगतो. आठ गॅलनमध्ये अर्धा गॅलन इकडेतिकडे झाला तर हिशोब ९.४ पासून १०.७ पर्यंत कुठेही जातो. किमान दोन टाक्या, आणि शक्यतो जाऊन-येऊन. डेन्व्हरहून ग्रँड जंक्शनला निघालात तर आधी आय-७० या हायवेवर आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत, म्हणजे सुमारे ११,००० फुटांवर, चढायचं आणि मग उतरत जायचं. अर्ध्या वाटेत काढलेला आकडा काहीच सांगत नाही.

आणखी एक. पिकअपला मोठे टायर टाकले असतील तर ओडोमीटर कमी मैल मोजतो. साडेएकतीस इंचांच्या जागी तेहतीस इंची टायर आले की जवळपास पाच टक्के मैल हिशोबातून गायब. ॲव्हरेज पडलेलंच नसतं, मोजणारा बदललेला असतो.

वेग आणि वारा

फुकटातला आणि सगळ्यात मोठा उपाय हाच. म्हणूनच तो कुणाला ऐकायचा नसतो.

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे आठ फूट रुंद आणि जमिनीपासून दहा-अकरा फूट उंच उभी भिंत. पिकअपच्या टपावरून आलेला वारा थेट या भिंतीवर आदळतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६५ ऐवजी ७५ ने गेलात तर वेग पंधरा टक्के वाढतो, पण अडथळा तेहतीस टक्के. सपाट रस्त्यावर हायवेच्या वेगाला तुमच्या पेट्रोलचा मोठा वाटा ही भिंत ढकलण्यातच जातो, वजन ओढण्यात नाही. हे पटायला लोकांना वेळ लागतो, कारण आपल्या डोक्यात ओझं म्हणजे पाउंड.

मी हे एकदा करून पाहिलं. आय-७६ वर डेन्व्हर ते फोर्ट मॉर्गन आणि परत, वारा पडलेला, ट्रेलर तोच, सामान तेच. एका रविवारी ६२ ने, पुढच्या रविवारी ७२ ने. ६२ ला १०.६ मिळाले, ७२ ला ८.५. त्या रस्त्याला मर्यादा ७५ ची आहे, त्यामुळे ६२ ने जाताना उजवी लेन धरून निमूट बसावं लागतं आणि मागून येणारे ट्रक काय म्हणत असतील याचा विचार करायचा नसतो. सौ. दुसऱ्या रविवारी आली नाही.

वाऱ्याचंही तेच गणित. गाडी ६५ ने आणि समोरून १५ चा वारा, म्हणजे ट्रेलरच्या लेखी तुम्ही ८० ने निघालाय. अडथळा दीडपट. वायोमिंगमध्ये आय-८० वर लॅरामी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात वारा जवळजवळ नेहमीच असतो, आणि पश्चिमेकडे जाताना तो बहुतेक वेळा तोंडावर येतो. तिथून आलेल्या "गाडी बिघडली" या फोनना मी एवढंच विचारतो, येताना किती दिलं? उत्तर ऐकल्यावर पलीकडून हसू येतं.

तेव्हा पहिली तपासणी अशी: वारा नसलेला दिवस निवडा, एक पूर्ण टाकी साठ-बासष्टने चालवा. ॲव्हरेज परत आलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

जाता जाता: पिकअपच्या टपावर लावायचा वारा वळवणारा पंख (डिफ्लेक्टर) मीही घेऊन पाहिला. पडला असेल तो फरक मोजण्यातल्या चुकीत हरवला. आता तो गॅरेजमध्ये फळीसारखा वापरतो.

टायरची हवा

ऑक्टोबरमध्ये ७० अंशाला (इथले सगळे अंश फॅरनहाइट) भरलेला टायर मेच्या पहाटे ३५ अंशाला बघा. ८० पीएसआयच्या टायरमध्ये दर दहा अंशांना जवळपास दोन पीएसआय उतरतात, वर सहा महिन्यांत झिरपलेली हवा वेगळी. साठच्या घरात आलेले टायर मी दरवर्षी बघतो आणि मालक म्हणतो, "दिसायला तर ठीक दिसतात." जाड कडांचे ट्रेलरचे टायर कमी हवेतही ताठ दिसतात, तीच फसगत आहे. पिकअपचा डॅशबोर्ड स्वतःच्या चार चाकांबद्दल ओरडतो, ट्रेलरच्या चाकांबद्दल सहसा गप्प असतो.

सकाळी, गाडी हलवायच्या आधी, थंड टायरवर मोजा. ट्रेलरच्या टायरच्या कडेवर लिहिलेला थंड दाब असतो, तेवढी हवा भरा. साधारणपणे भार पेलायच्या सी प्रतीला ५०, डीला ६५, ईला ८०, पण तुमच्या टायरवर काय कोरलंय तेच खरं. त्याच्या वर मात्र नको. पिकअपची हवा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून घ्या.

हवेचं महत्त्व पेट्रोलपुरतं नाही. कमी हवेचा टायर आतून तापतो, आणि तापलेला टायर ट्रेलरखाली फुटला की बाजूचा पत्रा, पाइप, कधी ट्रेलरचा तळसुद्धा ओरबाडून नेतो. खाली वाकलाच आहात तर कडेवरच्या DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. ३२१९ असेल तर टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. पाच-सहा वर्षं उलटलेल्या टायरची नक्षी कितीही छान असो, मी तो बदलतो.

पंपावर काय भरलं

कोलोरॅडोत साधं पेट्रोल ८५ ऑक्टेनचं मिळतं. उंचावरच्या विरळ हवेत जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनांना ते चालायचं. आजच्या टर्बो इंजिनाला हवा दाबून मिळते, त्यामुळे त्याला उंचीचं कौतुक नाही. ट्रेलर लावून चढ चढताना त्याला ८५ दिलं की ठोका (पेट्रोल भलत्या वेळी पेटणं) टाळण्यासाठी कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो, ताकद जाते, तुम्ही पाय आणखी दाबता. मॅन्युअल काढा, ट्रेलर ओढण्याबद्दलची ओळ वाचा. ८७ च्या खाली जाऊ नका, आणि तिथे वरचं लिहिलं असेल तर ट्रेलर लावलेल्या दिवसांपुरतं वरचं भरा.

पिवळ्या झाकणाच्या फ्लेक्स-फ्युएल गाडीत कुणी स्वस्त दिसलं म्हणून ई-८५ भरलं असेल तर शोध संपला. त्यात गॅलनमागे ऊर्जाच कमी असते, ॲव्हरेज पंधरा ते सत्तावीस टक्के पडतं.

गियर

टो-हॉलचं, म्हणजे ओझं ओढताना गियर जुळवून घेणारं, बटण दाबलंय का? दाबलं की गियर उशिरा बदलतात, चढावर खालचा गियर टिकून राहतो, उतारावर इंजिन ब्रेकला मदत करतं. सपाटीवर त्याने पेट्रोल वाचेल असं नाही. पण बटण नसेल आणि गाडी दर मिनिटाला वरचा गियर घेऊन सोडत असेल, तर पेट्रोलही जातं आणि गियरबॉक्सचं तेलही तापतं. अशा वेळी सगळ्यात वरचा गियर बंद करा. चढउतारांच्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोलही बंद. तो चढावर ठरलेला वेग सोडत नाही, तुम्ही पाच-सात मैल सोडून देऊ शकता.

वजन आणि तोल

एक गॅलन पाणी ८.३४ पाउंड. चाळीस गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३४ पाउंड, आणि मुक्कामाला नळ असतोच. वापरलेल्या पाण्याच्या टाक्या तर हमखास विसरल्या जातात. सपाटीवर एवढ्याने फार फरक दिसत नाही, घाटात दिसतो.

ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रकच्या वजनकाट्यावर) एकदा तरी वजन करून घ्या. माहितीपत्रकातलं वजन कोऱ्या ट्रेलरचं असतं. माझा कागदावर ५,१०० पाउंडांचा आहे. कुकर, खाट, दोन बॅटऱ्या, पोरांच्या सायकली आणि सौ.च्या मते अत्यावश्यक अशा पंधरा डब्यांसकट तो ६,२०० भरला.

हिचवर, म्हणजे पिकअप आणि ट्रेलरच्या जोडावर, पडणारं वजन ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के हवं. ६,००० च्या ट्रेलरला ६०० ते ९००. बैलगाडी हाकलेल्याला हे सांगावं लागत नाही: पुढे जास्त भरलं की जू बैलांच्या मानेत रुततं, मागे भरलं की गाडी उलाळते आणि जोत्याने गळा आवळला जातो. पिकअपची मागची बाजू बसते म्हणून सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला सरकवणारे मी पाहिलेत, ॲव्हरेज सुधारेल या आशेने. करू नका. उलाळलेला ट्रेलर साठच्या वेगाला शेपटी हलवायला लागला की तो आवरत नाही. वजन वाटून देणारी हिच असेल तर ती ट्रेलर सरळ उभा राहील अशी बसवून घ्या. पुस्तिका वाचून जमत नसेल तर हिच बसवणाऱ्याकडेच जा.

चाकं: खरा चोर बहुतेक इथे

आता थोडं ग्रीस हाताला लागेल.

वीस-तीस डॉलरचा, लांबून तापमान घेणारा थर्मामीटर विकत घ्या. वीस-पंचवीस मैल चालवा, शेवटचा एक्झिट जोरात ब्रेक न लावता घ्या, सुरक्षित जागी थांबा आणि लगेच चारही हबवर (चाकांच्या मधल्या भागावर) त्याचा ठिपका धरा. आकडा किती यापेक्षा चौघांत किती फरक हे बघायचं. उन्हाच्या बाजूचे दोन थोडे गरम असणारच.

दोन वर्षांपूर्वी ओळखीतल्या एकांचं ॲव्हरेज ९.८ वरून ८.१ वर आलं होतं. मधल्या काळात एवढंच झालेलं, की एका दुकानातून त्यांनी ट्रेलरचे ब्रेक करून घेतले होते. हब मोजले: ११२, ११८, १०९ आणि चौथा २०३ अंश. पार्किंगमध्ये ट्रेलर पिकअपलाच जोडलेला ठेवून दुसऱ्या बाजूच्या चाकांना अडण्या लावल्या, जॅक फ्रेमखाली लावला, ॲक्सलच्या नळीखाली नाही, कारण ती वाकते. स्टँड सरकवला आणि चाक हाताने फिरवलं. पाव फेरा, आणि घट्ट. ड्रमच्या मागच्या बाजूची रबरी बुची काढून आतलं दातेरी चाक स्क्रूड्रायव्हरने सैल करत गेलो. सहाव्या-सातव्या दाताला चाक सुटलं, दीड फेरा फिरून थांबलं, आणि आत लायनर (ब्रेकचं अस्तर) ड्रमला हलकेच पुसल्यासारखा आवाज राहिला. तेवढा आवाज हवाच. तो गेला तर ब्रेक जास्तच सैल झाले असं समजा. पुढच्या सहलीत ९.६.

तुमच्या ट्रेलरचे ब्रेक आपोआप जुळणारे असतील तर हा खटाटोप करू नका. आत अडकलेलं काय ते दुकानात बघू द्या.

जॅक लावायच्या आधी दोन फुकटातल्या गोष्टी बघा. ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी सुरक्षेची पिन अर्धवट ओढली गेलीय का? ओढली असेल तर ब्रेक लागलेलेच राहतात आणि ट्रेलरची बॅटरीही उतरते. आणि पायाखालचं पेडल सोडलेलं असताना पिकअपमधल्या ब्रेक कंट्रोलरच्या (ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावर काही आकडा दिसतोय का? तिथे शून्य हवं.

ब्रेक मोकळे असूनही हब गरम असेल तर बेअरिंग. चाक वर उचललेलं असताना टायर वरून आणि खालून धरून हलवा. खडखड लागली किंवा फिरवताना आतून दळल्यासारखा आवाज आला तर त्या ट्रेलरने घरीसुद्धा जाऊ नका. वर्षाला किंवा १२,००० मैलांना बेअरिंग काढून, धुऊन नवं ग्रीस भरायचं असं बहुतेक पुस्तिकांत असतं. बाहेरच्या निपलमधून बंदुकीने दणादण ग्रीस मारणारे सील फोडतात, ग्रीस लायनरवर जातं आणि मग ब्रेकच लागत नाहीत. ॲव्हरेज वाढतं म्हणा.

टायरची एकच कड झिजत असेल तर ॲक्सल वाकलेला किंवा तिरका बसलेला असतो. टायर रस्त्यावर फिरण्याऐवजी घासत जातो. हे घरी होत नाही.

शेवटी पिकअप

ट्रेलर न लावता एक टाकी चालवा. तेव्हाही नेहमीपेक्षा कमी मिळालं तरच इथे या.

एअर फिल्टर बदलून ॲव्हरेज वाढेल ही कार्ब्युरेटरच्या काळातली समजूत. ओक रिजच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये तपासलं, तेव्हा आधुनिक इंजिनात तुंबलेल्या फिल्टरने वेग घेण्याची ताकद कमी झाली, पेट्रोलच्या खपात म्हणावा असा फरक पडला नाही. मळला असेल तर बदला, चमत्काराची वाट बघू नका.

त्यापेक्षा ओबीडीचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा, स्वस्त रीडर लावा. इंजिन गरम झाल्यावरही पाण्याचं तापमान १६०-१७० वरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, आणि इंजिन थंड समजून जास्त पेट्रोल ओततंय. माझ्या त्या दोनांपैकी एक हाच होता. लाँग टर्म फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोलच्या मापात करत असलेली कायमची दुरुस्ती) दहा टक्क्यांच्या पलीकडे गेलेला असेल तर सेन्सर किंवा कुठेतरी हवा गळतेय. चढावर धक्के बसत असतील तर प्लग. माझा दुसरा तो.

इथे थांबा

चेक इंजिनचा दिवा नुसता लागला तर घरी येऊन बघा. तो लुकलुकत असेल तर जोर काढून बाजूला घ्या, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं आणि तो फार महाग पडतो. गियरबॉक्सचं तापमान माझ्या गाडीत ट्रेलर ओढताना १९५ ते २०५ असतं. २३० च्या वर जाऊन उतरत नसेल तर मी थांबतो, आणि तेलाला जळका वास असेल तर टो ट्रक बोलावतो. इंजेक्टर आणि जास्त दाबाच्या पेट्रोल पंपाला घरी हात लावायचा नाही. हिचच्या किंवा फ्रेमच्या वेल्डला केसाएवढी जरी भेग दिसली तरी वेल्डरकडे, तेही ट्रेलर न ओढता.

हबमधून धूर किंवा चाक डगमगताना दिसलं तर आय-७० च्या कडेला चाक काढायला बसू नका. बाजूने ट्रक जातात तेव्हा जॅकवरचा ट्रेलर हलतो, मी ते अनुभवलंय. जागेवर येणारे ट्रेलरचे मेकॅनिक मिळतात. फोनवर त्यांना चारही हबचे आकडे सांगा, टायरचा साइज आणि ॲक्सलवरच्या पट्टीवरचा नंबर वाचून दाखवा, म्हणजे ते बेअरिंग सोबत घेऊनच निघतील.